ट्रंक कॉल : या वयात शोभतं का?

नव्या वाचकांसाठी ओळख एवढीच, की मी साताऱ्याला टेलिफोन खात्यात ऑपरेटर होते. 1969 साली लागले, 2008 साली निवृत्त झाले. पहिली बरीच वर्षं कानाला हेडफोन लावून, बोर्डावर कॉर्ड खुपसून लोकांना एकमेकांशी जोडून देण्यात गेली. पुढे बोर्ड गेले आणि मी चौकशीच्या खिडकीत बसले. आता सत्त्याहत्तरावं चालू आहे. संपादक दर महिन्याला तुमची पत्रं पाठवतात, त्यातली जमतील तेवढी मी इथे जोडून देते. या वेळी विषय त्यांनीच ठरवला होता : वय वाढतंय, मन ताजं कसं ठेवायचं? पत्रं नेहमीच्या दुप्पट आली. निम्म्या लोकांनी स्वतःची ओळख करून देण्याआधी गुडघ्यांची करून दिली आहे.

प्रश्न : ऑपरेटरताई, मी 66 वर्षांची आहे. आमच्या कॉलनीत मंगळागौरीचे खेळ करणारा बायकांचा गट आहे. श्रावणात त्यांना इतकी बोलावणी असतात, की मंगळवार पुरत नाहीत, शनिवार-रविवारीही जातात. त्यांनी मला गटात घ्यायचं ठरवलंय. लहानपणी फुगडीत मी कुणाला ऐकायची नाही. पण मुलगा म्हणतो, "आई, या वयात शोभतं का?" सून काही बोलत नाही, नुसती हसते. यजमान म्हणतात, तुझं तू बघ. काय करू? — एक वाचक, मिरज

उत्तर : शोभतं. शोभण्याचा प्रश्न इथेच संपला. मुलाला फारच शंका असेल तर वारीच्या दिवसांत त्याला आमच्या जिल्ह्यात घेऊन या. माउलींची पालखी लोणंदहून तरडगावला निघते, वाटेत चांदोबाचा लिंब लागतो, तिथे पहिलं उभं रिंगण होतं. त्या गर्दीत सत्तरीच्या बाया डोक्यावरचं तुळशीवृंदावन खाली ठेवतात, पदर खोचतात आणि फुगडी धरतात. पुरुषही धरतात, टोप्या उडेपर्यंत. ही माणसं आळंदीपासून पायी आलेली असतात. त्यांना शोभतं का म्हणून कुणी विचारत नाही, कारण तिथे विठ्ठलाचं निमित्त आहे. तुमच्याकडे गौरीचं आहे. आपल्याकडे वय झालेल्या बाईला नाचायला निमित्त लागतं, आणि आपल्या आज्या-पणज्यांनी ती भरपूर करून ठेवली आहेत. वापरा.

आता झेपण्याचं बोलू. या बाबतीत मी तोंडघशी पडलेली बाई आहे, आणि हे मी वाक्प्रचार म्हणून सांगत नाही. सत्तराव्या वर्षी पुतणीच्या मंगळागौरीला मला जोर आला. समोर बावीस वर्षांची उंच मुलगी, मी तिच्या खांद्याला लागणारी. फरशी नुकतीच पुसलेली. हात सुटले नाहीत, पाय सुटले. उजवं मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. डॉक्टरांनी हाडांची घनता तपासायला लावली, ती कमी निघाली. पाळी गेल्यानंतरच्या काही वर्षांत बायकांची हाडं भराभर विरळ होतात, हे मला त्या दिवशी कळलं. पन्नाशीत कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

म्हणून तुम्ही आधी ती तपासणी करून घ्या. मग फुगडीची जोडीदारीण आपल्या वजनाची, आपल्या वयाची बघा. फुगडी म्हणजे दोन वजनांचा तोल. एक बाजू जड झाली की दुसरी भिरकावली जाते. फरशी कोरडी हवी, पायाखाली सतरंजी नको, ती सरकते. नऊवारी घोट्याच्या वर चापून नेसा. पहिला महिना झिम्मा, टाळ्यांचे खेळ, सूप नाचवणं एवढंच. मग साधी फुगडी, तीही सावकाश. बसफुगडी आणि कोंबडा तरण्या पोरींना सोडून द्या, त्यात गुडघ्यांची वाट लागते आणि बघणाऱ्यांना तसंही ते दोन मिनिटांत विसरायला होतं.

आणि सुनेला एकदा सरळ विचारा, येतेस का म्हणून. ती हसते ते तुम्हाला हसते हे कशावरून?

प्रश्न : मी 72 वर्षांचा, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. रोज सकाळी बगिच्यात आमचा ग्रुप बसतो. तासभरात कोणाची शुगर किती, कोणाला किती स्टेंट, काल कोण गेलं, यापलीकडे विषयच नाही. घरी येतो तेव्हा जाताना होतो त्याहून दहा वर्षांनी म्हातारा झालेला असतो. जाणं सोडलं तर घरात करमत नाही. काय करावं? — एक वाचक, नागपूर

उत्तर : भाऊ, सोडू नका. ट्रंक कॉलचा, म्हणजे आम्ही ऑपरेटर जोडून द्यायचो त्या परगावच्या फोनचा, हिशोब तुम्हाला आठवत असेल : तीन मिनिटांचा एक कॉल. ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग, दर वेगळे, पण मोजणी तीन-तीन मिनिटांची. तीन मिनिटं झाली की मी मध्ये बोलायची, "वाढवायचा का?" वर्षानुवर्षं मी बघितलं, की पहिली अडीच मिनिटं "कसे आहात, बरे आहोत, पाऊस आहे का" यात जातात आणि खरी गोष्ट, लग्न ठरलं, पैसे पाठवा, आई विचारते केव्हा येतोस, ती शेवटच्या पंधरा सेकंदांत बाहेर पडते. घड्याळ नसेल तर माणूस आयुष्यभर "कसे आहात"मध्येच राहील.

साताऱ्यात चार भिंती नावाचं स्मारक आहे, त्याच्या खाली आमचाही एक कट्टा आहे. तिथे मी हेच चालू केलं. आजाराला माणशी तीन मिनिटं, घड्याळ माझ्या हातात. मनसोक्त बोला, रिपोर्ट दाखवा, आम्ही ऐकू. तीन मिनिटांनंतर बंदी. कोण गेलं हे सांगायला हरकत नाही, पण सांगणाऱ्याने गेलेल्या माणसाची एक तरी हसण्यासारखी गोष्ट सोबत आणायची. सुरुवातीला लोक चिडले. आता कट्ट्यावर जो हशा होतो तो निम्मा मेलेल्यांमुळे होतो, आणि मला वाटतं त्यांनाही ते चाललं असतं.

हास्यक्लब काढा असं मी सांगणार नाही, मला स्वतःला हात वर करून हसणं जमत नाही. पण त्याची जन्मकथा मला आवडते. 1995 साली मुंबईत डॉ. मदन कटारिया यांनी बागेत पाच माणसं जमवून तो चालू केला. तेव्हा ते एकमेकांना विनोद सांगायचे. थोड्याच दिवसांत विनोद संपले, आणि जे उरले ते चारचौघांत सांगण्यासारखे नव्हते! म्हणून विनोदाशिवाय हसायचं ठरलं. म्हणजे विषय संपण्याची अडचण तुमच्या एकट्याच्या बगिच्यातली नाही.

विषय संपला की जागा बदलावी. तुम्ही 72 चे, म्हणजे एसटीत अर्धं तिकीट. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तेही लागत नाही. एखाद्या सोमवारी सगळ्यांनी रामटेकची बस धरा, गडावर जमेल तेवढं चढा, नाहीतर अंबाळ्याच्या तळ्याशी डबे उघडा. शुगरवाल्यांनाही न्या. खिडकीची जागा मिळाली की माणूस तासभर तरी शुगर विसरतो.

प्रश्न : मी 59 वर्षांची. केस रंगवणं बंद करू का? ऑफिसात अजून एक वर्ष काढायचंय. — एक वाचक, पनवेल

उत्तर : रंगवा नाहीतर सोडा, फक्त लग्नाचे फोटो बघून आल्या रात्री ठरवू नका. रंगवणार असाल तर आधी दोन दिवस कानामागे थोडा लावून बघा. माझं कपाळ आणि पापण्या एकदा अशा सुजल्या होत्या, की दाराशी आलेल्या पोस्टमनने मला ओळखलं नाही. बाजारातल्या "काळ्या मेंदी"तही बरेचदा केसांच्या रंगातलं तेच रसायन असतं. मी साठीला सोडलं. तत्त्व वगैरे काही नाही, खाज.

प्रश्न : ऑपरेटरमावशी, मी डब्लिनला असते. आईबाबा दापोलीला. बाबा 78 वर्षांचे, शिक्षक होते, नाटकवेडे, गप्पा मारायला बसले की आई चहा तीनदा गरम करायची. दोनेक वर्षांत पार बदलले. फोनवर "हो, बरं आहे, आईशी बोल" म्हणतात आणि फोन देऊन टाकतात. दिवसभर टीव्ही, तोही मोठ्याने. माझी सहा वर्षांची मुलगी त्यांच्याशी बोलायला धडपडते, ते नुसते मान हलवतात. मी रोज सकाळी त्यांना सकारात्मक विचारांचे व्हिडिओ पाठवते. निळी टिक येते, उत्तर येत नाही. आई म्हणते, वय झालं, चालायचंच. मला ते पटत नाही. — एक वाचक, डब्लिन

उत्तर : पोरी, तुला पटत नाही ते बरोबर आहे. टीव्ही मोठा, फोन आईकडे, नातीला नुसती मान. या तीन गोष्टी तू स्वतःच ओळीने लिहिल्यास. मी काही डॉक्टर नाही, पण कानावर पोट भरलेली बाई आहे. बाबांचं मन तपासण्याआधी त्यांचा कान तपासून घे.

वयानुसार कान जातो तो सगळा एकदम जात नाही. बारीक, उंच आवाज आधी जातात. आपल्या बोलण्यातले आ, ओ, ऊ हे जाड आवाज, ते शेवटपर्यंत ऐकू येतात. स, श, त, थ, फ हे पातळ, ते गळतात. म्हणून माणूस म्हणतो, "मला ऐकू येतंय, तुम्हीच नीट बोलत नाही." खोटं नसतं ते. आवाज पोचतो, शब्द पोचत नाही. लहान मुलांचा आवाज सगळ्यात उंच, म्हणून नातवंडं पहिली हरवतात. मग बायका. टेलिफोनच्या लायनीने तर अजून छाटणी व्हायची. 300 ते 3400 हर्ट्झ एवढाच पट्टा तारेतून जायचा, वरचं सगळं तिथेच कापलेलं. म्हणूनच आम्ही नाव सांगताना "स सशाचा, फ फणसाचा" असं करायचो. धडधाकट कानाला जिथे फोड करून सांगावं लागायचं, तिथे अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या कानाचं काय होत असेल बघ.

मला हे पुस्तकातून कळलेलं नाही. अडुसष्टाव्या वर्षापासून माझा डावा कान आणि मग उजवाही जायला लागला. जी बाई नुसत्या खाकरण्यावरून लायनीवर गुळाचे व्यापारी आहेत की वकीलसाहेब ते ओळखायची, तिला शेजारी बसलेली बहीण काय म्हणाली ते कळेना. मी काय केलं? मान हलवायला लागले. चारचौघांत विनोद झाला की इतरांचे चेहरे बघून अर्धा क्षण उशिरा हसायला लागले. मग तेही नको वाटायला लागलं. लग्नाकार्याला जाणं बंद. भाची म्हणाली, "मावशी, हल्ली तू तुसडी झालीस." मला ते बरं वाटलं! तुसडी म्हटलेलं चाललं, बहिरी म्हटलेलं चाललं नसतं. चष्मा मी तिसाव्या वर्षी ऐटीत लावला होता, कानाच्या मशिनची मात्र चार वर्षं लाज वाटली. त्या चार वर्षांत मी जितकी म्हातारी झाले तितकी आधीच्या पंधरा वर्षांत झाले नव्हते.

शेवटी तपासणी केली. एका बंद खोलीत बसवतात, कानाला हेडफोन देतात (माझा जुना मित्र), टूं आवाज आला की बटण दाबायचं. अर्ध्या तासाचं काम, सुई नाही, दुखत नाही. निघालेला आलेख अजिंक्यताऱ्याच्या उतारासारखा, डावीकडून उजवीकडे घसरत गेलेला. मशीन घेतलं. पहिल्या दिवशी कुकरच्या शिट्टीने दचकले, आणि जेवताना स्वतःच पापड खाल्ला तर डोक्यात ट्रॅक्टर चालल्यासारखं झालं. काढून कपाटात टाकलं. बाबाही टाकतील, हे तू धरून चाल. इतकी वर्षं उपाशी असलेल्या मेंदूला एकदम पंगत वाढली की तो गोंधळतो. दुसऱ्यांदा मी रोज एक तास, मग दोन, असं करत दीड महिन्यात सकाळ ते संध्याकाळवर आले. माझ्या मशिनला 312 नंबरची बॅटरी लागते, तपकिरी पट्टीची. पट्टी काढली की मिनिटभर हवा लागू द्यायची आणि मग बसवायची, हे मला दुकानदाराने नव्हे, कट्ट्यावरच्या एकाने सांगितलं.

एका रात्री स्वयंपाकघरात दिवा घालवायला गेले आणि भिंतीवर पाल चुकचुकली. इतक्या वर्षांत मी पालीचा आवाज ऐकलाच नव्हता, आणि ऐकत नाही हेही माझ्या लक्षात आलं नव्हतं. शुभ-अशुभ काही न बघता मी तिथेच रडले.

म्हणून त्या व्हिडिओंचं सांगते. कॉर्ड न जोडता नुसतं "हॅलो, हॅलो" करण्यात अर्थ नसतो. आनंदी राहा, मन तरुण ठेवा हे सांगणारे खूप आहेत, पण माणसाला ऐकू येतंय का, दिसतंय का, चावता येतंय का, रात्री बाथरूमला जाताना वाटेत दिवा आहे का, हे कुणी विचारत नाही. माझा अनुभव असा, की ज्याला आपण म्हाताऱ्या माणसाचा स्वभाव म्हणतो त्यातलं बरंचसं गैरसोय असते. बाबांना "तुम्हाला ऐकू येत नाही" म्हणू नकोस. आईला म्हणावं, मला माझे कान तपासायचेत, सोबत चला. गेल्यावर दोघांचे होऊन जातील. तोवर व्हिडिओ कॉलवर तोंडावर उजेड घेऊन बस, हळू बोल, ओरडू नकोस. ओरडण्याने जाड आवाजच आणखी जाड होतात.

कान ठीक निघाले तर थांबू नकोस. मोतीबिंदू, बी-12, थायरॉइड, नव्याने चालू झालेली एखादी गोळी, हे सगळं बघून घ्यायचं. आणि दोन आठवड्यांहून जास्त कशातच मन लागत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, तर ते नैराश्य असू शकतं. तो आजार आहे, त्याला औषध आहे. त्याला वय म्हणायचं नाही. आईला 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या आजारांसाठीच्या मदतीचा, नंबर लिहून ठेवायला सांग, सरकारी आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलतात. ट्रंक बुकिंगचा 180 आणि चौकशीचा 197 पाठ असलेल्या या बाईने हा तिसरा नंबर म्हातारपणी मुद्दाम पाठ केला आहे.

एक मात्र, त्या निळ्या टिकेवर रागावू नकोस. ते व्हिडिओ बघत असतील असं मला वाटत नाही. आज मुलीने काहीतरी पाठवलं, एवढं बघून घेत असतील.

प्रश्न : वय 81. मी मोडी लिपी शिकतो आहे. घरात पणजोबांच्या वेळचे कागद आहेत, ते वाचायचेत. नातू म्हणतो, "आजोबा, आता शिकून करणार काय?" दिवसा मी त्याला हसून टाळतो, पण रात्री मलाच वाटतं, पुरं होईल का? — एक वाचक, वाई

उत्तर : दादा, नातू क्रिकेट खेळतो ना? खेळून करणार काय, असं त्याला एकदा विचारा.

अशा वेळी लोक महर्षी कर्व्यांचं उदाहरण देतात, मीही देते. 1858 चा जन्म, आणि 1929 साली एकाहत्तराव्या वर्षी परदेश दौऱ्यावर. परत येऊन स्वस्थ बसावं की नाही? तर 1936 साली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, खेड्यापाड्यांतल्या प्राथमिक शाळांसाठी नवी संस्था काढली. शंभराव्या वर्षी भारतरत्न, आणि त्यानंतरही 1962 पर्यंत होते. आमच्या औंधला पंडित सातवळेकर होते, सूर्यनमस्कारांचा आणि वेदांचा ध्यास घेतलेले. 1948 साली, ऐंशी उलटल्यावर, औंधचा पसारा आवरून ते गुजरातेत पारडीला गेले आणि तिथे पुन्हा मांडला. 1968 साली गेले, शंभरी पार करून.

पण खरं सांगू? ही उदाहरणं मी रात्री स्वतःला सांगत नाही. धाप लागते. आपण कर्वे नाही, आपल्याला दुपारी झोप येते.

मला धीर येतो तो फांगण्याच्या आज्यांचा. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचं लहानसं गाव आहे. तिथे 8 मार्च 2016 ला आजीबाईंची शाळा निघाली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या बाया, गणवेश म्हणून गुलाबी लुगडं, पाठीला दप्तर, हातात पाटी. हवं काय होतं त्यांना? अंगठ्याऐवजी सही करता यावी आणि पोथी आपली आपण वाचता यावी. संस्था काढायची नव्हती की दौरा करायचा नव्हता. एखादीला ग पर्यंतच जमलं असेल. तरी गुलाबी लुगडं नेसून दप्तर घेऊन निघालेली ती सकाळ तिची झालीच ना.

तुमच्या मोडीत तर एक मोठी सुटका आहे. ऱ्हस्व-दीर्घ नाही! एकच इकार, एकच उकार. आयुष्यभर शुद्धलेखनाच्या लाल शाईला भ्यालेल्या माणसाला ही लिपी म्हणजे माहेर. आधी ओळ आखायची आणि मग हात न उचलता अक्षरं तिला टांगत जायचं. तुमचा हात थरथरत असेल तर उलट बरं, जुन्या कारकुनांची लिखावट तशीच दिसते. चांगलं भिंग घ्या, टेबलावर वेगळा दिवा घ्या, आणि दिवसाला एकच कागद. पणजोबांचा पराक्रम निघेल अशी आशा मात्र धरू नका. बहुधा रोजकीर्द, म्हणजे रोजचा जमाखर्च, निघेल, नाहीतर सावकाराचं देणं. काय निघालं ते कळवा, मला खरंच जाणून घ्यायचंय. देणं निघालं तर नातवाला सांगू नका.

प्रश्न : पाच महिन्यांपूर्वी हे गेले. 44 वर्षांचा संसार. मी 69 ची. सगळे म्हणतात सावर, हसायला शीक, ट्रिपला चल, आनंदी राहायचं ठरवायचं असतं. मला हसायचं नाहीये. मी चुकते आहे का? — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : नाही.

एवढंच उत्तर पुरेसं आहे, पण तुम्ही एकट्या घरात बसून हे वाचत असाल म्हणून थोडं बोलते. आमचे 2011 साली गेले. तेव्हा मलाही अशीच सल्ल्यांची रांग लागली होती. उपयोगी पडली ती एकच मैत्रीण. ती रोज संध्याकाळी सहाला यायची, पिशवीतून मेथीची जुडी काढायची आणि माझ्यासमोर बसून निवडायची. बोलायची नाही. कधी मी दोन काड्या निवडल्या, कधी नाही. सात वाजता पालेभाजी घेऊन तिच्या घरी जायची. आठ महिने त्या घराने किती मेथी खाल्ली असेल देव जाणे.

तुम्ही दोन वेळा जेवा, रात्री पाठ टेका आणि अशा एखाद्या बाईला दार उघडा. बाकी काही शिकायचं नाही, ठरवायचं नाही. जेवण-झोप अजिबातच तुटली, किंवा जगूच नये असं वाटायला लागलं, तर मात्र त्याच दिवशी कुणाला तरी सांगा आणि डॉक्टरकडे जा. वर दिलेला 14416 तुमच्यासाठीही आहे.

मला पहिलं हसू आलं ते सातव्या महिन्यात. त्यांची स्कूटर विकायला काढली होती. घेणारा मुलगा किक मारून मारून घामाघूम झाला, स्कूटर ढिम्म. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "शिव्या घाल तिला, मग होते चालू." हे तसंच करायचे, रोज सकाळी, अंगणात उभे राहून. त्या मुलाने बिचाऱ्याने लाजत लाजत एक घातली. आणि ती झाली चालू. मी हसत सुटले, आणि मग घरात येऊन दार लावून घेतलं. दोन्ही त्या एका दुपारी झालं. तुमचंही केव्हा व्हायचं तेव्हा होईल, नाहीतर नाही होणार. लोकांची ट्रिप चुकली म्हणून काही बिघडत नाही.

प्रश्न : दुसऱ्यांना सांगता ते ठीक आहे. तुम्ही स्वतः दिवसभर काय करता? खरं सांगा. — एक वाचक, अकोला

उत्तर : खरं सांगायचं तर बराच वेळ चष्मा शोधते. सकाळी बॅटरी, कट्टा, मग पेपर, मग तुमची पत्रं. दुपारी झोपते. संध्याकाळी शेजारच्या मुलाला पाढे म्हणायला लावते, तो मला फोनमधल्या गोष्टी शिकवतो आणि दोघंही एकमेकांना ढ समजतो.

बुधवार वेगळा. 26 ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास फुकट झाला. मी ती तारीख लिहून ठेवली होती, कारण तेव्हा मला थोडा वेळ होता. पंचाहत्तर पुरी झाली त्या आठवड्यापासून दर बुधवारी मी स्टँडवर जाते आणि जिल्ह्यातल्या ज्या गावाची बस आधी सुटेल तिच्यात बसते. कंडक्टर शून्य रुपयांचं तिकीट फाडून देतो, ती तिकिटं मी एका डब्यात ठेवते. औंध, वाई, मेढा, कोरेगाव, बामणोली, सगळं झालं. बामणोलीला जाताना कासच्या अलीकडे धुकं असं आलं होतं, की ड्रायव्हरला रस्ता दिसेना आणि मला भीती वाटायच्या ऐवजी भूक लागली.

पण त्याची तयारी असते, तीच खरी विचारावी. मागून पट्टा असलेली चप्पल. स्वतःच्या पेन्शनमधले पाचशे रुपये, कुणाकडे मागितलेले नव्हेत. पिशवीत पाणी, दोन दशम्या, जास्तीची बॅटरी, घरच्या नंबराची चिठ्ठी. आणि बसमध्ये चढण्याआधी कंडक्टरला मोठ्याने विचारायचं, "तिथल्या स्टँडवर बायकांची सोय धड आहे का?" आमच्या पिढीच्या कितीतरी बायका गुडघ्यांमुळे घरी बसत नाहीत, या एका प्रश्नामुळे बसतात, आणि लाजेने गुडघ्यांचं नाव सांगतात. मी मोठ्याने विचारते तेव्हा मागच्या सीटवरच्या दोघी-तिघी कान टवकारतात, हे मला आता मशीन लावल्यामुळे कळतं.

मागच्या बुधवारी कंडक्टर नवीन होता. "आजी, कुठं?"

"शेवटच्या स्टॉपला."

"कुणाकडं?"

"कुणाकडंच नाही. बघून येते."

त्याने माझ्याकडे बघितलं, ड्रायव्हरकडे बघितलं, आणि म्हणाला, "मग पुढं बसा, तिथनं जास्त दिसतं."

(पुढच्या महिन्याचा विषय : घरातल्या वाटण्या. पत्रं 20 तारखेपर्यंत पाठवा. बुधवारी फोन करू नका, मी नसते.)